सुझोची नाव

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. आईला सोबत म्हणून ऋजुता लीड्सच्या घरी राहायला आली होती आणि आई लॅपटॉपवर चीनच्या सहलीसाठी सुझो शहरातल्या कालव्यांवरच्या नावा बघत होती.

"जुन्या पुलांखालून नेतात म्हणे. संध्याकाळी लाल कंदील लावतात, पण मग वीस-वीस माणसं कोंबतात. मी आपली सकाळची छोटी नाव घेते, एकटीसाठी."

"वा! फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाक हं," ऋजुता म्हणाली. "तुला केवढं दुःख झालंय ते कळू दे सगळ्यांना."

"फोटो नाही काढणार."

बाबांना निरोप देतानाही आईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. भेटायला येणाऱ्यांना ती चहात साखर किती, ते विचारत होती. रडली तर ऋजुताही नव्हती. पण स्वतःच्या न रडण्याला ती संयम म्हणायची आणि आईच्या न रडण्याला कोरडेपणा.

"अगं, निदान वर्ष तरी होऊ द्यायचंस. बाबांना काय वाटलं असतं?"

"जा म्हणाले असते."

"आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस, येतेस का म्हणून. मी आले तर तुझ्या मौजेत खोडा येईल, नाही का?"

आईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू जवळ असलीस की मला रडता येत नाही गं."