गुरुवारची बंद खोली

दार पुन्हा त्याच्या तोंडावर बंद झालं, आणि आतून डॅक्सचं हसू ऐकू आलं.

एलियास बर्फावरच्या हॉकीची काठी खांद्यावर टाकून तसाच उभा राहिला. त्या वर्षी मिनेसोटात थंडी अशी होती की माणूस शिंकला तर शिंक गोठून टणकन पायावर पडायची. पण मत्सराला थंडी वाजत नाही. तो आपल्या आगीवर शेकत बसतो.

ब्रॉडी त्याचा पाळण्यापासूनचा मित्र. दोघं एकाच तळ्यावर बर्फात पडायला शिकले. गेल्या वर्षी ब्रॉडीचा खांदा निखळला, तेव्हापासून तो जरा तुटकच वागायचा. त्यात उन्हाळ्यात डुलुथहून हा डॅक्स आला. तिथल्या शाळेनं त्याला नशेच्या गोळ्यांपायी काढलंय, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आणि आता दर गुरुवारी सराव संपला की ब्रॉडी त्याच्या मागोमाग, बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र जिथं ठेवत, त्या खोलीत शिरायचा. आणखी चारपाच पोरं असायची. तासाभरानं बाहेर यायची ती लाल डोळ्यांनी, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून.

"आत काय करता रे?" एलियासनं एकदा विचारलं.

"काही नाही."

"काही नाही करायला दार कशाला लावावं लागतं?"

ब्रॉडीनं बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली. "आतलं बाहेर सांगायचं नाही, असं ठरलंय. आणि तुझं तिथं काय काम? तू बरा आहेस."

"बरा म्हणजे बावळट, असंच ना?"

"मी म्हटलं का तसं?"

"डॅक्स म्हणाला असेल."

"डॅक्सला तुझ्याबद्दल सगळं माहीत आहे," ब्रॉडी म्हणाला, आणि त्याचे कान तांबडे झाले.

म्हणजे आत बसून आपल्यावरच दात काढतात. एलियासची खात्री पटली.

तो होताही तसा सरळमार्गी. बिअरच्या डब्याकडे बघायलासुद्धा हा आईची परवानगी मागेल, असं वर्गातली पोरं म्हणत.

त्याच्या वडिलांची पाठ लोखंडाच्या खाणीत कामातून गेली होती. त्यांच्या दुखण्याच्या गोळ्या न्हाणीघराच्या कपाटात असत. नाताळच्या सुमारास एलियासनं पहिली गिळली. मजा म्हणून नव्हे हो, सराव म्हणून. उद्या ब्रॉडीनं बोलावलंच, तर त्या डॅक्ससमोर नवशिका दिसायला नको.

पहिलीनं ओकारी झाली. पुढं सवय झाली. मग असं झालं की न घेतलेल्या दिवशी हात काठीवर ठरेनात. सराव पक्का झाला, असं त्यानं मनाशी म्हटलं.

घरात वडील डबी हलवून बघायचे. "घेतली की नाही, आठवतच नाही. डोकं गेलं माझं," असं आईला म्हणायचे आणि दात आवळून पडून राहायचे. एलियास ताटातल्या बटाट्यांत मान घालायचा.

मार्चमधल्या एका गुरुवारी त्यानं ब्रॉडीला खोलीच्या दारातच गाठलं आणि मूठ उघडली. तळव्यावर दोन गोळ्या.

"सांग तुझ्या डॅक्सला. मी काही दूधपितं पोर नाही."

ब्रॉडी पांढराफटक पडला. "कधीपासून?"

"नाताळपासून."

"रोज?"

"रोज."

ब्रॉडी त्या गोळ्यांकडे बघत मागं दाराला टेकला. एलियासला ती जीत बर्फावरच्या कुठल्याही गोलपेक्षा गोड लागली.

ब्रॉडीनं त्याचा दंड घट्ट धरला. "चल आत."

आत ऊब होती. यंत्राशेजारी घडीच्या खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, एका पेटीवर कॉफीची किटली, आणि यंत्र चालवणारा म्हातारा नीमी. डॅक्सनं एकदा ब्रॉडीकडे पाहिलं, एकदा एलियासच्या मुठीकडे, आणि उठून आपली खुर्ची त्याला दिली. कुणी हसलं नाही. एलियास पाय पसरून ऐटीत बसला.

ब्रॉडी मात्र उभाच राहिला.

"मी ब्रॉडी. खांद्याच्या दुखण्यावर घेता घेता सवय लागली, पण पानगळीपासून मी एकही गोळी घेतलेली नाही."

"शाबास, ब्रॉडी," सगळे म्हणाले, पण हळू.

"दर गुरुवारी मी तुम्हाला ज्या मित्राचं सांगतो ना," ब्रॉडीचा आवाज चिरकला, "ज्याच्यासारखं व्हायचं म्हणून मी सोडली, तो हा."