चमचाभर दही

ऋताला आत नेलं आणि काचेचं दार मिटलं. पाच वर्षांची पोर, जाताना रडलीसुद्धा नाही. डाव्या किडनीला खेटून पाण्याच्या दोन गाठी होत्या. त्या आज काढायच्या होत्या.

"रात से कुछ खाया-पिया तो नहीं?" भुलीच्या डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं. पोटात काही असलं, तर बेशुद्धीत ते उलटून फुप्फुसात जातं, हेही बजावलं होतं. गंधालीनं छातीठोकपणे सांगितलं, "पानी भी नहीं." रात्रभर तिनं लेकीच्या उशाशी पहाराच दिला होता.

बाकावर सासूबाई जप करत बसल्या होत्या. त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

"काहून एवढी घाबरून राहिली? शकुन करून निघाली आपली पोट्टी."

"कसला शकुन?"

"तेलीबांध्याच्या घरून निघताना दही-साखर ठेवली ना तिच्या हातावर. तू आंघोळीला गेली होती तेव्हा. माझ्या भार्गवच्या परीक्षेलाही दिलं होतं मी, नोकरीच्या मुलाखतीलाही. कधी अडलं का त्याचं?"

गंधालीच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, तिनं खाल्लं ते?"

"मंग काय फेकून देईन? चमचाभर तर होतं. मीच म्हटलं तिले, मम्मीले नको सांगू, उगाच ओरडते."

गंधाली उठली ती दारावर धडकलीच. दोन्ही हातांनी काच बडवू लागली. आतून सिस्टर वैतागून आली. "क्या है, दीदी?" दह्याचं ऐकलं मात्र, आणि तशीच आत पळाली.

दार पुन्हा मिटलं. आत कोण काय करतंय, काही दिसेना. काचेवर गंधालीच्या पंजांचे ओले ठसे तेवढे दिसत होते.

सिस्टर परत आली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. "बेहोशी की सुई लग चुकी है. सर पूछ रहे हैं, दही कितना था? सच बोलना."

गंधालीनं वळून सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाईंनी उजवा हात पुढे केला. तळव्यात खळगा केला. चमचाभरच मावेल एवढा.

"इतना."

सिस्टर हलली नाही. गंधालीही नाही.

सासूबाईंची बोटं हळूहळू आत वळू लागली, आणि तळव्यातला खळगा खोल होत गेला.