दाराशी आल्यावर फोन करा

चहाच्या सुट्टीत ऑफिसातले आईबाप मोबाइलवरून किराणा मागवण्याचे फायदे सांगत होते. वेळ वाचतो, पिशव्या वाहायला नकोत, दुकानात पोरांचा हट्ट नको.

"तुम्ही मागवता की नाही?" एकीनं त्याला विचारलं.

"मागवतो की. फार सोय झाली," तो म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, तसा तो उठून जिन्यात गेला.

"साहेब, सामान घेऊन दाराशी आलोय. फोन करा असं लिहिलं होतं, म्हणून केला."

"हां. आता बेल वाजवा. फोन मात्र बंद करू नका."

बेल वाजली. आतून धावत आलेली पावलं ऐकू आली, मग कडी निघाली. "आजी, तेच काका आलेत! आज साबण आहे!"

दार लागलं.

"साहेब, काल डाळ, परवा तेल. सगळं एकदमच मागवा ना, तुमचाही ताप वाचेल."

फोन ठेवून त्यानं उद्यासाठी मीठ मागवलं. मुलीला भेटायला कोर्टानं त्याला महिन्यातला एक रविवार दिला होता. किराण्याबद्दल निकालात काही लिहिलेलं नव्हतं.