गाण्यांचं कुलूप

दापोडीला दिलेली विजयश्री रविवारी रहाटणीला, माहेरी आली ती गाणी सोडवून न्यायला. बापलेकींनी निवडलेली दोनशे गाणी एका अ‍ॅपवरून वडिलांच्या फॅमिली प्लॅनवर तिच्या फोनमध्ये उतरवलेली होती, पण अ‍ॅपच्या कुलपामुळं पेनड्राइव्हवर एकही जाईना. त्यातच वडिलांच्या, रोहिदासांच्या, फोनवर अ‍ॅपचा प्रश्न आला: ‘विजयश्री तुमच्याच घरात राहते का?’ प्लॅन एकाच घरापुरता; ‘नाही’ म्हटलं की तिची गाणी बंद. “नाहीच दाबा, आप्पा,” ती म्हणाली. “तुम्ही कशाला माझ्यासाठी खोटं बोलता?” रोहिदासांनी चाकणच्या कंपनीत तीस वर्षं इन्स्पेक्शन केलं होतं, माप तपासायच्या गेजमध्ये केसभर अडलेल्या पार्टवर कधी सही केली नव्हती. त्यांनी चष्मा पुसून प्रश्न पुन्हा वाचला आणि ‘हो’ दाबलं. “आप्पा!” “खोटं कुठाय? ह्या घराची किल्ली तू परत दिलीस व्हय?” विजयश्रीनं पर्स छातीशी धरली. आत दोन घरांच्या किल्ल्या एकमेकींवर वाजल्या.