आठशे

"तीन हजार दोनशे!" डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरच्या आकड्याभोवती पेनाने गोल केला. "मावशी, सुटलात तुम्ही."

शिवणवाल्या बाईने चष्मा नाकावर सरकवला. आकड्याशेजारी दर सोमवारी खाली तोंड करून बसलेला बाण आज नव्हता. पण आधी समजून घ्यायचं, मग हसायचं. चाळीस वर्षांत माप दोनदा घेतल्याशिवाय तिने कापडाला कात्री लावली नव्हती.

"म्हणजे मापात बसलं?"

"अगदी मापात. या बघा, न्यूट्रोफिल. पांढऱ्या पेशींतल्याच, शरीराचे पहारेकरी म्हणा. औषधांनी आजाराबरोबर यांनाही लोळवलं होतं. गेल्या सोमवारी आठशेच होत्या, म्हणून कोणाला जवळ येऊ देऊ नका म्हटलं. दीड हजारांच्या वर गेल्या की तेवढी भीती नाही. आता तो दारावरचा कागद काढा आणि माणसं येऊ देत घरात."

"पहारेकऱ्यांची रजा संपली म्हणायची."

"संपली. सोबत कोण आलंय आज?"

"सगळे बाहेरच आहेत," ती म्हणाली. ते काही खोटं नव्हतं.

कागद तिने स्वतःच लिहिला होता. 'आत येऊ नये. पांढऱ्या पेशी कमी आहेत.' दाराच्या कडीला दोऱ्याने बांधलेला. जिन्यावरून येणारे-जाणारे तो वाचून हळहळत आणि पुढे जात. कागद लागण्याआधीही फारसं कोणी येत नव्हतं. पण तेव्हा त्याला कारण नव्हतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर ती टेकते न टेकते तोच मुलाचा फोन आला. 'किती आल्या?' हा त्याचा सोमवारचा प्रश्न. आज आकडा सांगून ती थांबणार नव्हती. 'रविवारी ये,' असंही म्हणणार होती. बाकापर्यंत येताना तिने ते दोनदा पुटपुटूनही पाहिलं होतं.

"आई, मिळाला रिपोर्ट? हे बघ, रविवारी आम्ही निघणारच होतो. पण धाकटीला सर्दी झालीय, माझं ऑफिसचं काही खरं नाही, त्यात हिची बहीण यायचं म्हणतेय... तरी तुझा आकडा चांगला असेल तर काढतो गाडी. म्हणजे, काढावीच लागेल. बोल, किती आल्या?"

तो थांबला. पलीकडे श्वाससुद्धा ऐकू येईना.

तिने मांडीवरचा रिपोर्ट तळहाताने सारखा केला. डॉक्टरीणबाईंनी काढलेला गोल बोटाखाली आला.

"आठशे."

"अरेरे!"

घट्ट झालेल्या कपड्याचा हूक काढला की माणूस सोडतं, तसा श्वास तिने ऐकला. असे श्वास तिच्या चांगले ओळखीचे होते.

"मग कसं यायचं गं आई? आम्हाला यायचंच होतं, पण तुझ्याच जिवाला धोका."

"हो ना रे. आकड्यापुढे कोणाचं काय चालतंय?"

"जप हं. कोणालाही घरात घेऊ नकोस."

"छे. कोणाला घेते मी?"

घरी आली तेव्हा दारावरचा कागद एका बाजूने लोंबत होता. वाऱ्याने गाठ सैल झाली होती. तिने पर्समधून दोऱ्याचं रीळ काढलं. नवा दोरा दुहेरी केला, कागद कडीला सरळ बांधला, एकावर एक दोन गाठी मारल्या, आणि उरलेला दोरा दातांनी तोडला.