बिनसाबणाचं पाणी

सोसायटीच्या पत्राला मी उत्तर दिलंच नव्हतं. "पाणीकपातीत लॉनला पाणी घालायला बंदी असताना तुमचंच लॉन हिरवं कसं? लेखी खुलासा करावा."

बायकोच्या आंघोळीचं पाणी घालतो, हे कमिटीला कसं लिहायचं? मला संकोच वाटायचा. आजारपणात त्या गवतावर अनवाणी पाय टेकून बसणं, एवढंच तिचं सुख उरलं होतं. साबणाने गवत करपेल म्हणून तिने साबण सोडला होता.

"टँकर तुमच्याच दारात रिकामा होतो वाटतं, काका!" शेजारी टोमणा मारायचा.

"अहो, लिहा की सरळ, बायको साबण लावत नाही म्हणून!" ती हसायची.

काल तिचा तेरावा झाला. आज लिहिलं, "ते पाणी माझ्या पत्नीच्या आंघोळीचं होतं. यापुढे लॉन हिरवं राहणार नाही."

पत्र सोसायटीच्या पेटीत टाकून आलो.