दिवेलागणीचा मिस कॉल

“मामा, नीट आठवा. फोन शेवटचा कवा बघितलासा?”

“बिद्रीच्या गाडीत चढताना खिशात हुता. तिकिटाला पैसे काढाय गेलो, तर न्हाय. तसाच उतरलो.”

उदयसिंहने आपल्या मोबाइलच्या दुकानातल्या फोनवरून दादासोंनी सांगितलेला नंबर लावला. दादासो काउंटरला टेकून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

“बंद हाय. चोरानं कार्ड काढून टाकलं असणार.”

“पोलिसांना कळतंय म्हणं, फोन कुठं हाय ते?”

“कळतंय की. चालू फोन जवळच्या टॉवरशी बोलत असतोय. कंपनी टॉवर सांगती. घर न्हाय, खिसा न्हाय, नुसता टॉवर. आन् त्या टॉवरखाली अर्धं कोल्हापूर!” म्हाताऱ्याचा चेहरा पाहून उदयसिंहने आवाज उतरवला. “हँडसेटचा नंबर डब्यावर असतोय. त्यो पोलिसांकडच्या अर्जात घाला. चोरानं नवं कार्ड घातलं, तर आशा हाय. डबा हाय न्हवं?”

“पोरानं कुठं ठेवलाय, ठाव न्हाय.”

“मग इचारा की त्याला.”

 दादासो म्हणाले, “आज सापडंल?”

“आज? मामा, खोटं कशाला सांगू? महिनं जात्यात. आजवर माझ्याकडं आलेल्या एकाचाबी सापडला न्हाय. दुसरा देऊ का? जुना हाय, पण चांगला चालतोय.”

“फोन कसलाबी चालंल. नंबर त्योच पायजे.” ते काउंटरवर वाकले. “पोरगा गोव्याला गेलाय. दिवेलागणीला मिस कॉल असतोय त्याचा. बोलणं न्हाय, नुसता मिस कॉल. तेवढा झाला की घरात जेवण हुतंय. मंडळींना काळजाचं दुखणं हाय. डॉक्टर म्हणाल्यात, धक्का बसता कामा नये.”

“एवढंच व्हय! नंबर त्योच मिळंल. कार्ड कुणाच्या नावावर हाय?”

“पोराच्या.”

“मग त्याला घिऊन या. सही केली की नंबर चालू.”

“त्याला येता येत न्हाय.”

“असली कसली वो नोकरी, आईपरीस मोठी? द्या त्याच्या मालकाचा नंबर, चांगला झापतो.”

“नगं, बाबा. पोराचा काय दोष न्हाय.”

ते पायऱ्या उतरून स्टँडकडे निघाले. पुढची गाडी भरलेली होती. दांडीला लोंबकळत ते उभे राहिले. इस्पुर्लीच्या पुढे रस्त्याकडेच्या घरांत दिवे लागले. दादासोंचा हात दोनदा रिकाम्या खिशाकडे गेला.

घरी आले तेव्हा अंजनाबाई अंधारातच उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांना कानाने अजिबात ऐकू येत नसे. म्हणून थरथर कळावी यासाठी त्यांनी आपला फोन दोन्ही हातांत घट्ट धरला होता. चूल थंड होती.

“आज प्रसेनजीतचा मिस कॉल आला न्हाय,” त्या म्हणाल्या.

गोव्यात पोराला अग्नी देऊन परतल्यापासून त्याच्या नंबरवरून दादासोंनी द्यायचा मिस कॉल आज पहिल्यांदाच चुकला होता.